वडिलांचं इंजिन आणि काचेतलं पाणी

दिनांक १८ मे २०१९

नायजेल, हे कागद तुझ्या हाती पडतील तेव्हा मी नसेन, म्हणून आधी माफी मागते. जवळजवळ चार वर्षं मी एका गोष्टीबद्दल गप्प बसले. ती गोष्ट कलम चारमध्ये आहे. थेट तिथे उडी मारू नकोस. मारशीलच, माहीत आहे.

मी, हिलरी स्किपवर्थ, वय सत्तेचाळीस, राहणार हॉर्नकासल, लिंकनशर, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने, कोणी भरीला न घालता लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. मनाची तेवढी खात्री देता येत नाही, पण कायदा ते विचारत नाही.

कलम एक. घर आणि बँकेतली शिल्लक माझी भाची टॅमसिन हिला द्यावी. परसातलं नासपतीचं झाड तोडू नये असं लिहिलं होतं, ते खोडलं. गेलेल्या मावशी-आत्यांनी जिवंत माणसांना झाडं सांभाळायला लावू नयेत.

कलम दोन. छोटी वाफेची इंजिनं चालवणाऱ्या आमच्या मंडळाचे अध्यक्ष मिस्टर गॅरिक यांना माझी चहाची किटली द्यावी. मी मंडळात आले त्या पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "बाईंनी चहाचं बघावं." आता त्यांनी बघावं. माझ्या भावाला ते चारचौघांत 'कोरडा नायजेल' म्हणतात, त्याचाही हिशेब या किटलीत धरावा. हे लिहिणं क्षुद्र आहे का, यावर दोन दिवस विचार केला. आहे. तरी राहू दे.

कलम तीन. शेजारीण बेरिल डाऊझ यांना काहीही ठेवत नाही, कारण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. त्यांना माझी तेलाची बुधली देणार होते. त्या म्हणाल्या, "तुझी गळकी बुधली घेऊन काय करू? सही करते, ते बघ." मला त्यांचे आभार मानायचे आहेत, ते इथेच मानते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही बाई तीन हिवाळे माझ्यासोबत शेडमध्ये बसली, मनुक्यांचा पाव आणि चीज घेऊन, आणि वाफेचं इंजिन कसं भरायचं ते मला शिकवलं. नळाचं पाणी नको, त्याने बॉयलरच्या आत थर बसतो, पावसाचं घ्यायचं. पाणी ओतताना, आतली पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवरची नजर हलवायची नाही. नळी अर्धी-पाऊण भरली की थांबायचं, वर वाफेला जागा हवी. पहिल्या वेळी मी भीतीपोटी गळ्यापर्यंत भरलं आणि धुराड्यातून काळं पाणी उडालं ते थेट त्यांच्या ब्लाउजवर.

"झाली माझी आंघोळ," त्या म्हणाल्या. "साबण पण दे आता. अगं, चाक आधी हाताने फिरव, आतलं पाणी निघू दे, मग वाफ सोड. घाई कसली? शेत नांगरायचंय का तुला?"

इतकी भीती कशाची, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

कलम चार. वडिलांनी अकरा वर्षं खपून बनवलेलं, शेतावरच्या मोठ्या ओढ-इंजिनाची गुडघ्याएवढी प्रतिकृती असलेलं वाफेचं इंजिन, कोळशाच्या फावड्यासह, माझा भाऊ नायजेल याला द्यावं. ते मुळात त्यालाच मिळायचं होतं.

ऑगस्ट २०१५. वडील अंथरुणावर होते. नायजेलने सकाळी त्यांना खिडकीतून दिसेल असं इंजिन अंगणात चालवलं, विझवलं, आणि औषधं आणायला गेला. जाताना म्हणाला, "हात लावू नकोस." मला वडिलांना आणखी एकदा शिट्टी ऐकवायची होती. काचेत पाहिलं, नळी स्वच्छ दिसली. मला वाटलं, काठोकाठ भरलेली आहे. पूर्ण भरलेली नळी आणि पूर्ण रिकामी नळी सारखीच दिसते, हे नवख्याला माहीत नसतं. पाण्याची रेघ दिसली तरच पाणी आहे असं धरायचं. मी भट्टी पेटवली. काही वेळाने बॉयलरमधलं शिशाचं बूच वितळलं. ते त्यासाठीच असतं, पाणी संपलं की वितळून सावध करतं. मी घाबरून निखारे ओढून काढले आणि घरात पळाले.

नायजेल परतला, बूच पाहिलं आणि स्वतःच वडिलांना म्हणाला, "बाबा, माझंच लक्ष चुकलं. आग नीट विझली नसणार."

वडील म्हणाले, "तू? तुला मी दहाव्या वर्षी शिकवलं रे."

मी दारात उभी होते. नऊ दिवसांनी वडील गेले. नायजेलने त्याचं स्वतःचं दुसरं इंजिन विकलं, मंडळ सोडलं, आणि हे इंजिन माझ्याकडे ढकललं. म्हणाला, "तू ठेव. मी त्या लायकीचा नाही." मी ठेवलं.

नायजेल, लक्ष तुझं चुकलं नव्हतं. आग मी लावली होती. मंडळाच्या वहीत 'बॉयलर कोरडा तापवला' असं तुझ्या नावापुढे लिहिलंय, तिथे माझं नाव घालावं. आणि तू मला कधी टोचून बोलला नाहीस, दर नाताळला येऊन माझी छपरावरची पन्हळ साफ करत राहिलास, त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे.

सह्यांआधी जोडलेला मजकूर. बेरिलबाईंनी वाचायची गरज नव्हती, त्यांनी सगळं वाचलं. चष्मा काढून म्हणाल्या, "म्हणजे तू मेल्यावर त्याला कळणार?"

"हो."

"आणि गुरुवारी मेली नाहीस तर? अजून तीस वर्षं तो कोरडा नायजेल?"

दुसरे साक्षीदार मॉरिस पिंचबेक समोर राहतात. ते पेन हातात धरून ताटकळले होते. म्हणाले, "सही करायची की नाही? माझा चहा थंड होतोय."

"कर रे बाबा," बेरिलबाई म्हणाल्या. "कागद ठीकच आहे. बाईचं काय ते बघू."

कलम चार खोडत नाही. मी धीर सोडला तर ते असू दे.

दोघांच्या समोर मी सही केली, माझ्या समोर दोघांनी.

हिलरी स्किपवर्थ
साक्षीदार: बेरिल डाऊझ, मॉरिस पिंचबेक
हॉर्नकासल, शनिवार, दुपारी चार

उद्या: इंजिन गाडीत घालून नायजेलकडे नेणे. बॉयलर रिकामा ठेवणे. सांगून झाल्यावर, पाणी त्याला भरू देणे.