लावणीसाठी राखलेल्या गोळ्या

भांडुप, २० जून २००१

चि. निशा आणि शेजारी बसून ऐकणारी आई, दोघींना जयभीम.

सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट, पण तुझ्या आतड्याच्या सुजेच्या गोळ्या बाहेरून विकत घ्या, आणि त्याही जन्मभर! ही आपल्या तिघांचीच तक्रार नाही. परवा कंपनीच्या गेटवरच्या सभेत मी हे बोललो, तेव्हा कितीतरी कामगार मान हलवत होते.

मी बरा आहे. ओव्हरटाइम बंद झालाय, पण पाळी पक्की आहे. आई, पेरणी झाली का? म्हैस व्याली का?

काल गावाहून, कापड्याहून, सोमाकाका आले. कौतुकाने म्हणाले, "निशा लय हुशार हाय. रगत थांबलं तशा गोळ्या बंद केल्यान. लावणीला लागतील म्हणून राखल्यान!"

लावणीच्या चिखलातून सारखं बांधापलीकडे धावावं लागू नये, बायकांनी हसू नये, म्हणून आता विनाऔषध राहतेस? शौचातलं रक्त थांबलं तरी सूज आत असते, गोळी रोज हवी, हे डॉक्टरांनी आपल्या दोघांनाही सांगितलं होतं. गेल्या वर्षी अशीच थांबलीस आणि महाडला आठ दिवस सलाइनवर काढलेस.

या दुखण्याची लाज तू का बाळगावीस गो? गरिबाला औषधासाठी बाजारात धाडणाऱ्यांना ती वाटू दे. त्यांच्याशी मी भांडतो. पुढच्या पट्ट्या काकांबरोबरच पाठवतोय.

आता पत्र बाजूला ठेव, ऊठ आणि आईच्या देखत आजची गोळी घे.

तुझा दादा,
सुहास