फोनमध्ये न गेलेली ओरिकी

प्रिय लानरे,

तुझं पाकीट इबादानच्या बसवाल्याने परवा बाजारात आणून दिलं. वाटेत कुणी फोडलं तर नाही ना, म्हणून मी ते दोनदा उलटसुलट करून पाहिलं. आत एकच कागद, त्यावर आईचा अंगठा. साक्षीदार म्हणून माझी सही तेवढी राहिली आहे, ती झाली की आईचा आवाज कायमचा तुमच्या कामात जाईल, महिनाअखेरीपर्यंत हवी, असं खाली पेन्सिलीने लिहिलं आहेस. आई कशी आहे, एवढं विचारायला मात्र पेन्सिल पुरली नाही. मी अजून सही केलेली नाही. आणि हे सगळं फोनवर न सांगता कागदावर लिहिते आहे, कारण फोनच्या कानांवर माझा आता भरवसा उरलेला नाही.

तू आलास तेव्हाच मला पाणी कुठेतरी मुरतंय असं वाटलं होतं. चार वर्षं इथे इसेयिनला तुझं पाऊल नाही, आणि एका दुपारी, धुळीचा वारा सुटलेला असताना, तू दारात हजर. सोबत तुझ्या कामावरची ती चष्मेवाली रोंके, हातात दोन मोठे पाव आणि तीन फोन. आईला पाहताच तू अंगणात पालथा पडून नमस्कार केलास. मला भरून आलं होतं, खरंच. मग रोंके म्हणाली की फोन चालू नव्हता, आणि तू उठून, कपडे झटकून, पुन्हा पालथा पडलास. पण दुसऱ्या नमस्काराला आईने तुझ्या पाठीवर हात ठेवला नाही, हे तुझ्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं.

मी तुझ्या कामाला नावं ठेवत नाही. जेवताना तू जे सांगितलंस ते मला पटलं होतं. बाबा शेवटच्या आजारपणात त्या औषधांच्या नंबरवर पुन्हापुन्हा फोन करत होते आणि पलीकडून यंत्र इंग्रजीतून एक दाबा, दोन दाबा म्हणत होतं. बाबा योरुबात त्याला आधी नमस्कार करायचे, मग घरच्यांची चौकशी करायचे, आणि तोवर फोन बंद व्हायचा. कोट्यवधी लोक जी भाषा बोलतात ती फोनला कळू नये, ही शरमेची गोष्ट आहे, असं तू म्हणालास तेव्हा तुझा अमाला ताटात गार होत होता. तेव्हा तू मला बाबांसारखा दिसलास. तरीही मनात एक पाल चुकचुकत राहिली, की हा आईसाठी आलाय की आईच्या आवाजासाठी?

तीन दिवस आई फोनसमोर तुम्ही दिलेली वाक्यं बोलत राहिली. कामाला लागलेल्या माणसाला वेगळा नमस्कार, बसलेल्याला वेगळा, नवं कापड नेसलेल्याला वेगळा. हे केल्याशिवाय तिच्या तोंडून वाक्य निघेना. रोंके नंतर ते सगळे नमस्कार कापून टाकत होती. मी विचारलं तर म्हणाली, "मावशी, हे कामाचं नाही." मी मनात म्हटलं, बाबांचा फोन बंद पडायचा तो ह्याच्याचमुळे. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तू थोरल्या बहिणीचं ऐकतोस कधी?

मग चौथ्या दिवशी तू ओरिकी मागितल्यास, ज्याच्या त्याच्या नावाने म्हणायच्या त्या स्तुतीच्या हाका. आईने कुळाची म्हटली, बाबांची म्हटली, माझी म्हटली. 'आशाके' अशी माझ्या ओरिकीतल्या नावाने हाक मारून ती पुढे आपल्या आज्या-पणज्यांची नावं गुंफत गेली आणि मी सवयीने गुडघ्यांवर बसले. तू फोन पुढे सरकवून तुझ्या ओरिकीची वाट बघत राहिलास. आईने पाणी मागितलं. तू पुन्हा विचारलंस. "दमले मी," एवढंच ती म्हणाली. जाताना गाडीत बसून तू मला म्हणालास, "आईला माझी आठवत नाही, ताई. विसरली ती." तुझा चेहरा उतरला होता. आणि लानरे, आज खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. धाकटा म्हणून तुझे लाड, शहरात शिकलास म्हणून तुझं कौतुक. एका गोष्टीत तरी मी पुढे, असं वाटलं.

ते सुख पहिल्या पावसापर्यंत टिकलं. तुमच्या लोकांनी चाचणीसाठी वाटलेलं ते फोनमधलं बोलणारं प्रकरण आमच्या बाजारात येऊन पोहोचलं. शेजारच्या ईया रिसीने त्याला योरुबात पाऊस कधी येईल विचारलं, त्याने योरुबात उत्तर दिलं आणि ती खुशीत चार जणींना दाखवत सुटली. मलाही आनंद झाला. मी सुरणाचं पीठ मापत होते. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "आशाके..." आणि हातातलं माप खाली ठेवून मी तिथेच, मिरच्यांच्या टोपल्यांमध्ये, गुडघे टेकले. वळून वर पाहिलं तर कांदे घ्यायला आलेली एक अनोळखी बाई फोन धरून उभी. सगळा बाजार हसला, मीही हसले. पण घरी जाताना मी दर हाकेला मागे वळून पाहत होते. फोनमधली ही बाई मला अशी कधीही, कुठूनही गुडघ्यांवर आणू शकते, हे मला कळलं होतं.

त्याच संध्याकाळी मी आईला विचारलं की लानरेची का म्हटली नाहीस. ती कापूस निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जी हाक ऐकली की त्याचं दैव मान वर करून बघतं, ती मी डब्यात भरू? उद्या झाकण कुणाच्या हातात असेल, तुला माहीत आहे?" मग माझी का दिलीस, असं मी विचारलं. "तू इथेच आहेस. तुला मी रोज नव्याने म्हणेन. तो लांब असतो." हे लानरेला कळवू नकोस, त्याला हवी असेल तर तो येईल, असंही तिने बजावलं. मी कळवलं नाही. थोडं तिच्यासाठी, थोडं माझ्या रागासाठी.

पण आता कळवायलाच हवं. नवे सुरण बाजारात आल्यापासून आई मला ओळखत नाही. सगळं गाव तिला माझ्याच नावाने ईया शुबू, शुबूची आई, म्हणतं, आणि मी पेज घेऊन गेले की ती विचारते, "बाई, तुम्ही कुणाच्या?" परवा न राहवून मी ईया रिसीचा फोन आणून तिला माझी ओरिकी ऐकवली. तिने अगदी लक्ष देऊन ऐकली. "ही बाई छान म्हणते," म्हणाली, "जिला म्हणते ती पोर नशिबाची." मी चुलीपाशी जाऊन रडले. तुझी मात्र ती विसरलेली नाही. रोज सकाळी उंबऱ्यात उभी राहून, इबादानच्या रस्त्याकडे तोंड करून, ती तुला पूर्ण हाक मारते. ते शब्द मी इथे लिहिणार नाही. हा कागदही कुणीही वाचू शकतो. सोमवारपर्यंत ती एकही ओळ चुकत नव्हती. मंगळवारी शेवटच्या दोन ओळी गेल्या. आज सकाळी आणखी एक गेली.

सही मी करणार आहे, ओरिकीचा भाग खोडून, आणि नमस्कार कापायचे नाहीत असं वर लिहून. पण तो कागद मी पाठवणार नाही. तो आईच्या उशीखाली राहील. मी तुला लहानपणापासून ओळखते. आईसाठी नाही, तर कागदासाठी तरी येशीलच. फोन बसस्टँडवरच्या दुकानात ठेव, पहाटे पोहोच, आणि ती उंबऱ्यात यायच्या आत अंगणात पालथा पड. एकदाच. कशासाठी आलास, ते मी विचारणार नाही.

तुझीच, अजूनही तुझ्यावर रागावलेली,
शुबूताई