खोली क्रमांक चार तीन महिने राखून ठेवण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापन अधिकारी,
लेखक निवास योजना,
तिसरा मजला (लिफ्ट बंद)

विषय : मला मंजूर झालेली खोली क्र. ४ तीन महिन्यांनंतर वापरू देण्याबाबत. (अर्ज चौथा)

संदर्भ : १) आपले मंजुरीपत्र, ज्यात माझे अभिनंदन आहे.
२) आपली त्यानंतरची तीन पत्रे, ज्यांत ते नाही.

महोदय,

१. आपल्या योजनेतून मला सहा आठवड्यांसाठी खोली मंजूर झाली आहे. तिथे बसून मी माझ्या कादंबरीची शेवटची दोन प्रकरणे लिहायची, असे ठरले होते. कादंबरी घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका बाईची आहे. येत्या पंधरा तारखेपर्यंत मी हजर झाले नाही, तर खोली प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या लेखकाला जाईल आणि मला पाच वर्षे अर्ज करता येणार नाही, असे आपण कळवले आहे. पाच हा आकडा कुठून आला, ते कळवलेले नाही.

२. माझी अडचण अशी की, माझ्या वडिलांची (आम्ही त्यांना नाना म्हणतो) स्मृती गेली आहे आणि घरात त्यांच्यासोबत मी एकटीच असते. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, परिचारिका आहे. ती तीन महिन्यांनी निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला येणार आहे. म्हणून तीन महिने मागितले. यात न समजण्यासारखे काही असेल, असे मला वाटले नव्हते. तो माझा गैरसमज होता.

३. पहिला अर्ज विहित नमुन्यात नाही म्हणून परत आला. विहित नमुना मागायला मी तीन जिने चढून आले, तर नमुने संपलेले होते. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "झेरॉक्स काढून घ्या की." कशाची काढू, असे विचारल्यावर त्या जेवायला गेल्या. दुसऱ्या अर्जासोबत मी डॉक्टरांचा दाखला जोडला. त्यावर आपले उत्तर आले की, दाखला वडिलांच्या नावाचा आहे आणि लाभार्थी लेखिका मी आहे. तरी मी स्वतः आजारी असल्याचा दाखला सादर करावा. मी ठणठणीत आहे. त्याबद्दल दिलगीर आहे.

४. तिसऱ्या पत्रात आपण एक नवीन कागद मागितला : घरातील अन्य सज्ञान व्यक्ती देखभाल करण्यास असमर्थ असल्याचे त्या व्यक्तीचे लेखी निवेदन. अशी व्यक्ती एकच, माझा थोरला भाऊ. दादा दुसऱ्या शहरात असतो आणि दर रविवारी फोनवरून नानांची काळजी घेतो. त्याला हा कागद मागितला, तर म्हणाला, "मी असमर्थ आहे असं लिहून देऊ? उद्या लोक काय म्हणतील?" वर हेही म्हणाला की, मी तर घरीच असते, आणि लिहायचेच तर आहे, ते कुठेही बसून होते. थोडक्यात, दादा नानांना सांभाळणार नाही, आणि सांभाळणार नाही असे कागदावर येऊही देणार नाही. आपल्या कार्यालयात त्याला चांगली नोकरी मिळाली असती. वहिनीने मात्र गोळ्या ठेवायला वारांची नावे असलेली डबी पाठवली. तिचे रविवारचे झाकण तुटलेले आहे.

५. कादंबरीचे किती टक्के काम झाले, असेही आपण विचारले आहे. ऐंशी टक्के झाले आहे. पैकी साठ टक्के कुलपात आहे. त्याचा खुलासा करते. नाना चौतीस वर्षे एका कचेरीत होते, शेवटची नऊ वर्षे अधीक्षक. मी त्यांची मुलगी आहे हे त्यांना आता आठवत नाही. कचेरी मात्र इत्थंभूत आठवते. आमचे जेवणाचे टेबल हे त्यांचे कार्यालय आणि मी तिथे येणारी अर्जदार. टेबलावर माझी पाने दिसली की ते त्यांवर आवक क्रमांक घालतात, नाडीने बांधतात आणि कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकतात. परत हवी असतील तर अर्ज करावा लागतो. तो मी रोज करते : "प्रकरण सात पाहावयास मिळण्याबाबत." डावीकडे समास सोडलेला लागतो. ते मला बसा म्हणतात, चष्मा लावतात, अर्ज पूर्ण वाचतात आणि शेरा मारतात. निकाल त्याच दिवशी लागतो, बहुधा चहाच्या आधी. आजवर एकदाच नामंजुरी आली. मी तारीख घालायला विसरले होते, चूक माझीच होती.

६. आपल्या नमुन्यात (तो अखेर मिळाला) "आगामी लेखन संकल्प" असा रकाना आहे. त्यात मी दोन प्रकरणे आणि नंतर मुलांसाठी एक नाटक, असे भरले. तिसरा संकल्प जागेअभावी राहिला, तो इथे नोंदवते : कोणीही "ओ बाई" अशी हाक न मारता सलग सहा तास बसणे. हाक मारणाऱ्यावर माझा राग नाही. नानांनी मला नावाने हाक मारून आठ महिने झाले, आणि मला त्याचे फार वाईट वाटते. मला त्यांना सोडून जायचे नाही आणि कादंबरीही सोडायची नाही. आपल्या नियमांत यांपैकी एकाच गोष्टीला जागा आहे, आणि ती कोणती हे आपण तीनदा कळवले आहे.

७. इथवर लिहून काल दुपारी मी दूध बघायला आत गेले. परत आले तोवर या अर्जावर आवक क्रमांक पडला होता. नानांनी मला बसायला सांगितले आणि सगळी पाने दोनदा वाचली. यातला आजारी माणूस कोण, हे त्यांच्या लक्षात आले नाही. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "वडिलांना आता कसं आहे?" बरे आहे, असे मी सांगितले. "तुम्ही एकट्याच बघता?" मी हो म्हणाले. मग त्यांनी पेन उघडले.

त्यांचा शेरा पहिल्या पानाच्या समासात आहे, म्हणून अर्ज पुन्हा स्वच्छ लिहून काढलेला नाही. अक्षर जरा हलले आहे, तरी खाली उतरवून देते :

"अर्जदाराची अडचण खरी दिसते. आजारी बाप घरात असताना या बाईंना सारख्या खेपा घालायला लावू नयेत. तीन महिने मुदत द्यावी. मंजूर."

खालची सही माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर असायची तीच आहे. मजकूर तयार असल्याने आपणास काही लिहावे लागणार नाही. त्याखाली आपण फक्त सही करावी.

पंधरा तारखेच्या आत उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
दिनांक : ९ (या वेळी घातली आहे)

सोबत :
१) वडिलांचा वैद्यकीय दाखला.
२) आत्याच्या निवृत्तीच्या आदेशाची प्रत.
३) भावाचे निवेदन : निरंक.
४) या अर्जाची दुसरी प्रत जोडलेली नाही. ती नानांनी स्वतः उतरवून कपाटात ठेवली आहे. पाहावयाची असल्यास त्यांच्याकडे रीतसर अर्ज करावा. लगेच मिळेल.