अस्वलाच्या वाटेवर आईची रांगोळी

मुक्काम अकोटच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी
मंगळवार, सकाळ

आदरणीय खुशालमामा आणि मामी,

दोघांले स्वप्निलचा मनापासून जयभीम. मामा, तुमची शुगर कशी आहे, मामीचा गुडघा कसा आहे, आणि दुकानातलं मोठं झेरॉक्स मशीन अजून कागद खाऊन राहिलं की सुधारलं, हे आधीच विचारून घेतो, कारण पुढं जे सांगतो त्याच्या नादात ते राहून जाईल. आमी चौघंही इकडं धड आहो. फोन काहून केला नाही म्हणाल, तर इथं रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर भेटते, आणि दुसरं म्हणजे फोनवर तुमी मले दुसरं वाक्य बोलूच देत नाही. कागदावर तुमाले मधात बोलता येत नाही. म्हणून हे पत्र अकोट-अमरावती गाडीच्या कंडक्टरजवळ देऊन राहिलो. राजापेठेत दुकानात आणून देतो म्हणाला आहे.

एक तारखेपासून मी तुमच्या दुकानात बसाचं ठरलं होतं, ते मी विसरलो नाही. पण इथल्या संस्थेत एक जागा निघाली, पाऊस लागेपर्यंतची. तिचं नाव 'गावमित्र'. म्हणजे गाव आणि जंगल यांच्या मधात राहून दोन्हीकडचं काम पाहणारा माणूस. राहाले खोली, पायात बूट आणि गळ्यात फोटोवालं ओळखपत्र. मामा, माझ्या गळ्यात आजपर्यंत कॉलेजचं सोडून कोणतंच ओळखपत्र आलं नाही, आणि कॉलेजचंही दुसऱ्या वर्षी वापस केलं. ती जागा शिबिरात कोण कसं काम करते हे पाहून द्याची होती. खरं सांगाचं तर मी घरच्यांले इथं आणलं ते त्याच्यासाठीच. रागावू नका, पुढं वाचा.

हे शिबिर अख्ख्या कुटुंबाचं राहते. सात दिवसाची सुटी, सकाळी जंगलाचं काम, दुपारी गावाचं. बाबाले (रिटायर झाल्यापासून ते एकच पेपर तीनदा वाचतात) मी सांगितलं की सहल आहे. प्रियदर्शनीले सांगितलं की कॉलेजच्या प्रोजेक्टले चालते. आईले फक्त एवढंच सांगितलं की तिथं स्वयंपाक दुसरं कोणी करते. तिनं दहा मिनिटात बॅग भरली. (निघताना बाबा म्हणे, घराबाहेर पडतच आहो तर मोझरीचा आश्रमही पाहून घेऊ. मोझरी बरोबर उलट्या दिशेले आहे, तरी आमी स्टँडवर अर्धा तास त्यावर बोललो आणि एक गाडी गेली.)

पहिल्याच दिवशी मले पाणवठ्याजवळ झाडाले कॅमेरा बांधाले दिला. समोरून काही हाललं की तो आपोआप फोटो काढते. तिसऱ्या दिवशी उघडला तर चारशेच्या वर फोटो. रागिणीताई (या शिबिराच्या मुख्य, पुण्याच्या आहेत, बोलणं असं की झापलं तरी आभार मानावेसे वाटतात) एकदम खूश झाल्या. मग पाहाले बसलो तर सगळ्या फोटोत मीच, कॅमेरा चालू आहे की नाही हे पाहाले घडीघडी येणारा. एका फोटोत ससा होता. तोही माझ्यापासून पळून राहिला होता. मग मले पक्षी मोजाले बसवलं. तिथं एक स्वर्गीय नर्तक आला, मामा, काय सांगू, लांबच लांब पांढरं शेपूट, कापसातून धागा ओढल्यावाणी. त्याच्या मागं मागं मी सडकेवर निघालो, तिथं अकोटची गाडी उभी होती, आणि उभ्या गाडीत मी बसलो नाही असं आजपर्यंत झालं नाही. अकोटले कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या बाजूले एक जण कढीसोबत आलुबोंडा देते. ते भेटल्यावर सांगतो. वापस आलो तोपर्यंत पक्षी आईनं मोजले होते, स्वेटरचे टाके मोजल्यावाणी, बोटावर.

आता खरी गोष्ट. सध्या मोहाचा सीझन आहे. गावातल्या बाया पहाटेच मोहफुलं वेचाले जंगलात जातात. अस्वलालेही मोह भारी आवडते, आणि दोघं एकाच झाडाखाली आले की बाईच्या जिवावर बेतते. मागच्या वर्षी एकीचा हात फाडला. अस्वल कोणत्या वाटेनं उतरते हे समजलं तर बाया दुसरीकडून जातील, एवढंच या लोकांले पाहिजे. पण बाया सांगतच नव्हत्या. सांगितलं तर उद्या कोणी आमचं जंगलात जाणंच बंद करन, असं त्यांच्या डोक्यात. रागिणीताईनं महिनाभर बैठका घेतल्या. बाया याच्या, चहा प्याच्या, "आमाले काय माईत, बाई" म्हणाच्या आणि घरी जाच्या.

म्हणून मग पावलांचा पट्टा. शिबिराच्या मागच्या फाटकाबाहेर वाटेवर बारीक माती चाळून पसरवाची, हातानं एकसारखी कराची, सकाळी पाहाचं त्यावर कोणाचे पाय उमटले. पाचव्या दिवशी बाबा, प्रियदर्शनी आणि मी दुपारभर माती चाळली. (बाबा ऑफिसात खिडकीवर बसाच्या जुन्या सवयीनं प्रत्येक घमेल्यावर "पुढचं" म्हणत होते.) आई तेव्हा अंगणवाडीची भिंत रंगवाले गेली होती, तिले यातलं काहीच माहीत नाही. ती तुमाले माहीत आहे, सुटीतही पाचले उठते. हाताले काम नाही. फाटकाबाहेर आली तर समोर चाळलेली, साफ, एकसारखी जागा, आणि सडा नाही. तिले वाटलं, कोण्या पोरीनं काम अर्धं टाकून झोप काढली. शेजारच्या गोठ्यातून शेण आणलं, बादलीभर सडा टाकला, आणि मधात आठ पाकळ्यांचं कमळ काढलं. (रांगोळीची डबी तिच्या बॅगेत दोन दिवसाच्या गावालेही राहते.)

आमी उठून पाहिलं तर माझी नोकरी कमळाखाली गेलेली. रागिणीताई कमरेवर हात ठेवून उभ्या. "काकू, अहो इथं प्राणी येणार होते."

आई म्हणे, "मंग? येणाऱ्याच्या वाटेवर सडा नाई टाकाचा?"

तेवढ्यात बाया मोहाच्या टोपल्या घेऊन वापस येत होत्या, त्या थांबल्या. रोज मान खाली घालून जाणाऱ्या बाया, मामा, त्या टोपल्या खाली ठेवून पोट धरून हसल्या. त्यातली गंगूबाई, सगळ्यात मोठी, आईले म्हणे, "काहून वं माय, अस्वलाचं लगन लावून राहिली काय? आन ते इथून उतरतच नाई. ते तिकडून येते, नाल्याच्या कडीनं, पळसाखालून."

रागिणीताईनं झटकन वही उघडली. गंगूबाईच्याही ध्यानात आलं की आपण काय बोललो. आई म्हणे, "तुमचं जाणं कोणी बंद करत असन तर मले सांगा, मी पाहातो त्याले. चाल, जागा दाखव." आणि दोघी चालू पडल्या, मागं बाया, त्याच्या मागं रागिणीताई वही घेऊन, आणि सगळ्यात मागं आमी. संध्याकाळी आईनं पळसाखाली पट्टा सारवला, पातळ चिखलमातीनं, कारण चाळलेली माती म्हणे वाऱ्यानं उडतेच. सकाळी त्यावर अस्वलाचं पाऊल, एक एक नख मोजून घ्यावं असं. बाबा वाकून पाहत म्हणे, "हा कोणी बिनचपलेचा माणूस गेला. नखं काढत नाई साला." प्रियदर्शनी मले म्हणे, "दादा, तुझ्यापेक्षा चांगलं आलं." बायांनी तिथंच बसून ठरवलं, आता टेकडीच्या बाजूनं जाचं, उजेड झाल्यावर, चौघी-चौघी. बैठक झाली, मामा, चहाशिवाय.

काल निकाल सांगितला. जागा आपल्याच घरात आली. बाकी सगळं ठीक. मामीनं गुडघ्याले तेल लावणं सोडू नये.

तुमचा भाचा,
स्वप्निल

ता. क. 'आपल्याच घरात' म्हणजे आईले.

ता. क. दुसरा. तिनं अजून हो म्हटलं नाही. बाबाले विचारलं तर ते म्हणे, तुझ्या भावाले विचार. ती रागिणीताईले म्हणाली, "भावाले विचारून सांगतो." शनिवारपर्यंत मुदत आहे, तोवर आमी इथंच आहो. या पाकिटात तिचीही चिठ्ठी आहे, त्यात लिहिलं आहे की मले राहाची काही हौस नाही, तू म्हणशील तसं. ती चिठ्ठी खोटी आहे. ओळखपत्राचा फोटो तिनं दोनदा काढून घेतला, पहिल्यात अंबाडा नीट आला नाही म्हणून. काल दुपारी दार लोटून बूट घालून खोलीत चालून पाहत होती, मी खिडकीतून पाहिलं. जंगलात एकटी बाई कशी राहीन, हे तुमी म्हणणार, म्हणून सांगतो, गंगूबाई आतापासूनच तिच्या खोलीत पाणी भरून ठेवते.

ता. क. तिसरा. एक तारखेले मी दुकानात हजर. पाऊस लागेपर्यंत कोणत्याही उभ्या गाडीकडं पाहणार नाही. बाबाचा स्वयंपाक मी करीन. (वरण किती शिट्ट्यांचं राहते, ते मामीले विचारून ठेवा.) तुमी फक्त एका चिठ्ठीवर 'राहा' एवढं लिहून शुक्रवारच्या गाडीनं पाठवा. नसन लिहाचं तर काहीच पाठवू नका. पण सडकेवर गाडीची वाट पाहाले मी आईलेच पाठवणार आहे.