मेंटल

१८ जून २०२४
भवानी पेठेतल्या शाळेत आज मराठीचा बदली शिक्षक म्हणून रुजू झालो. अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा खडूचा वास! सातवीच्या पोरांनी चालीवर कविता म्हटली आणि मला चष्मा पुसावा लागला. शंभरेक कविता अजून तोंडपाठ आहेत माझ्या.

२० जून
विज्ञानाच्या बुद्धप्रिया मॅडमनी प्रयोग मांडला. काळ्या कागदात गुंडाळलेली एक्स-रे फिल्म, तिच्यावर कंपासपेटीतलं करकटक, त्यावर वरातीतल्या जुन्या गॅसबत्त्यांच्या जाळ्या. जाळीतून न दिसणारे किरण निघतात. आठ दिवसांत फिल्म काळी पडते, करकटकाची सावली तेवढी पांढरी राहते. हे सगळं कुलपाच्या कपाटात; पडताळ्यासाठी दुसरी, नुसती फिल्म माझ्या मेजाच्या खणात. जाळीला इकडं सगळे मेंटलच म्हणतात. सातवीतली पायल म्हणाली, मेंटल कपाटात गेलं, आता वर्गात मेंटल कोण उरलं? सगळे हसले. मला हसू आलं नाही.

२८ जून
फिल्म धुतली. करकटक नाहीच. लहान पांढरा पंजा. मॅडम म्हणाल्या, कुणीतरी मध्ये हात घातला असंल की. आठ दिवस? कुलूपबंद कपाटात?
करंगळी बाहेर वळलेली आहे. ती मी ओळखतो.

२९ जून
१९८४. मंद्रूपजवळची वाडी. सहावीतली चांगुणा. कविता येईना. मी म्हणालो, मेंटल हायेस का? पोरांनी तो शब्द उचलला. आठवेपर्यंत हात पुढं करून उभी राहा, असं सांगून मी चहाला गेलो आणि विसरलो. शाळा सुटली तरी उभीच होती म्हणे. सकाळी विहिरीत सापडली. चौकशीत मी सांगितलं, पोरगी पहिल्यापासूनच तशी होती.
तिच्या आईनं, सारजाबाईनं, एवढंच विचारलं, गुर्जी, कंची कविता व्हती?
मला आठवली नाही.

२ जुलै
खणातली फिल्म धुतली. कोरी निघायला हवी होती. काळी — आणि मधोमध तोच पंजा. खणात मेंटल नव्हतं. खणाशी रोज मीच बसत होतो.

४ जुलै
राजीनामा लिहिला. पायलनं विचारलं, सर, ती नवी पोरगी सारखी हात पुढं करून का उभी असती? शिक्षा केलीय व्हय तुमी?
आमच्या वर्गात नवी पोरगी नाही.

५ जुलै, दुपार
वर्ग रिकामा. माझा उजवा हात पुढं गेलाय — खाली येत नाही. डाव्यानं लिहितोय. ती समोर — म्हणा की गुर्जी, म्हणते. आठवंपर्यंत हात तसाच.
शंभर कविता — एकही — कंची व्हती — पहिली ओळ तरी —