बिनभाषणाचं लग्न

९ एप्रिल

शी! लग्नाला गेलो होतो की प्रचारसभेला?

आमच्या नातीची, तेजश्रीची मैत्रीण सोनल, तिचं लग्न. इंदापूर रस्त्यावरचं कार्यालय, वर पत्रा, बाहेर ऊन मी म्हणतंय. मुहूर्त साडेबाराचा. नवरा-नवरी हार घेऊन अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी, भटजी तयार — आणि माईक कुणाकडे? निवेदकाकडे! भाड्याने आणलेला माणूस, गळ्यात शेला, आवाज फाटका. “तालुक्याचे भाग्यविधाते, तरुणांच्या गळ्यातले ताईत…” भाग्यविधाते उठले. मग माजी उठले. मग आजी. मग भावी! आता हे ‘भावी’ म्हणजे काय पद झालं? झेडपीच्या निवडणुका कधी लागतील ते कुणालाच माहीत नाही, पण गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले गल्लोगल्ली. यांना दुसऱ्याच्या लेकीचा मांडव म्हणजे फुकटची सभा.

आशीर्वादाच्या नावाखाली कालव्याचं आवर्तन झालं, उसाचा दर झाला, समोरच्या गटाने कशी माती खाल्ली तेही झालं. सोनलला एकाने ‘सोनाली’ केलं, दुसऱ्याने ‘स्वप्नाली’. तिच्या बापाने तिसऱ्याची बाही हळूच ओढली, तर त्याने न बघताच हात झटकला. जसा काही अंगावर किडा बसलाय!

आणि पोरगी चक्कर येऊन मटकन खाली बसली. बायका धावल्या, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. निवेदक काय म्हणाला? “कुणीही घाबरून जाऊ नये. आणखी काही मान्यवर वाटेत आहेत.”

अक्षता पडल्या तेव्हा माझ्या मुठीतले तांदूळ घामाने भिजून चिकटले होते. वर जेवण उभ्याने. ताट हातात घेऊन रांग, पुढच्याची कोपरं आपल्या वरणात. मी पापड तेवढा खाल्ला आणि आलो.

१० एप्रिल

अजून तोंड कडू आहे. सकाळी बायकोला, सारजाला सगळं पहिल्यापासून सांगायला बसलो, तर म्हणाली, “मी बी तितंच व्हते की! तुमी बोलाया लागला की भाकरी थंड हुती. जेवा आधी.”

या घरात माझं कोण ऐकतं? म्हणून ही वही.

१२ एप्रिल

आज तेजश्री स्वतः चहा घेऊन आली. नातीने न मागता चहा आणला म्हणजे काहीतरी काम असतं. बारामतीला मेडिकलमध्ये नोकरी करते, कुणासमोर दबत नाही. पण आज पायाशी बसली. पुढच्या महिन्यात तिचं लग्न — कन्हेरीचा सुयश, एमआयडीसीत सुपरवायझर. मुलगा बरा आहे. दाढी जरा कमी करायला हवी.

म्हणाली, “आबा, माझ्या लग्नात एक पण भाषण नको. सोनलसारखं मला उभं नाही राहायचं. मुहूर्तावर अक्षता पडल्या पाहिजेत. पप्पा माझं ऐकणार नाहीत. तुम्ही शब्द द्या.”

मी शब्द दिला. डोक्यावर हात ठेवून दिला. म्हटलं, वालचंदनगरच्या कंपनीत चौतीस वर्षं भोंग्यावर काढली आहेत तुझ्या आज्याने, एक मिनिट इकडंतिकडं नाही. तुझा मुहूर्त कोण चुकवतो बघू!

पोरीचे डोळे भरून आले. माझेही आले, उगाच कशाला खोटं लिहू.

१३ एप्रिल

गोकुळशी भांडण. झालंच.

माझा मुलगा, तेजश्रीचा बाप, पण गेली पाच वर्षं माझा कमी आणि झुंबररावांचा जास्त. हे झुंबरराव पंचायत समितीतले आमच्या गणाचे माजी सदस्य. चौकात त्यांचा नवा फ्लेक्स लागलाय. गेल्या साली एका गटात होते, आता दुसऱ्यात. वरचे फोटो बदलले, खालचा गॉगल तोच. नमस्काराचे हातही तेच. फ्लेक्सवाल्याचं काम सोपं झालं.

गोकुळ म्हणे, पत्रिकेत ‘प्रमुख उपस्थिती’ म्हणून त्यांचं नाव टाकायचं. मी म्हटलं, नाही. “आन त्यास्नी बोलाया न्हाय दिलं तर मी गावात तोंड कुठं दाखवू? उद्या तिकिटाचं काय बोलायचं कसं?” म्हणजे याला पंचायत समितीचं तिकीट हवंय, आणि ते माझ्या नातीच्या अंतरपाटावरून चालत जाऊन घ्यायचंय! तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, हे लग्न आहे. तुझी पायरी नाही.

तो ताटावरून उठला. सारजा माझ्याकडे बघत राहिली. उठला तर उठला.

१७ एप्रिल

गोकुळ बोलत नाही. बरं आहे. घर शांत.

कालव्याला पाणी सुटलंय. पहाटे कडेने लांबवर चालून आलो. बगळे, गार वारा, आणि कुठेही कर्णा नाही. घरी येऊन माठातलं वाळ्याचं पाणी, मग शिळ्या भाकरीचा कुस्करा — दूध, गूळ. एवढं मिळाल्यावर माणसाला आणखी काय लागतं? कशाला हवेत ते ‘सेलिब्रेशन’?

२१ एप्रिल

आता हे प्री-वेडिंग! नवरा-नवरी लग्नाआधीच भिगवणला जाऊन होडीत बसणार, आणि एक पोरगा त्यांना सांगणार — हसा, मान वाकडी करा, आता धावा. कुणासाठी धावायचं? मोबाईलसाठी. मी म्हटलं, लग्नाआधी असं हिंडणं मला पटत नाही. तेजश्री म्हणाली, “आबा, भाषणं बंद करताय ना, मग हे एवढं चालू द्या.”

फोटो दाखवले नंतर. ओंगळ काही नव्हतं. मागे फ्लेमिंगो होते, ते चांगले आलेत. पण मला पटलेलं नाही ते नाहीच.

२५ एप्रिल

मांडवाचं ठरवायला बादशाहभाई आले. मंडप, स्पीकर, खुर्च्या — तालुक्यातली निम्मी लग्नं त्यांच्याच कापडाखाली लागतात. आमची जुनी ओळख. मांडव आपल्याच खळ्यावर, कार्यालय नको. सोफे नकोत, सगळ्यांना सारख्या खुर्च्या. पंगत बसवायची, पत्रावळी, वाढायला भावकीतली पोरं. लग्न गोरज मुहूर्तावर — सहा पन्नास. ऊन उतरलेलं असतं, दिवस मावळता मावळता अक्षता पडतात. आमच्या लहानपणी गुरं घरी यायच्या वेळेला अशीच लग्नं लागायची.

म्हटलं, निवेदक नाही, भाषण नाही, सत्कार नाही. नारळ-फेट्यांचा तो बाजार नको. स्वागत घरच्या कर्त्या माणसाने दोन वाक्यांत करायचं आणि माईक भटजींकडे द्यायचा. संपलं.

बादशाहभाई खूश. “आबा, लई बेस्ट काम करताय. मागल्या लग्नात माझी बॅटरी उतरली पण साहेब न्हाय उतरले! पोरगी पाटावर ताटकळली हुती, मला बघवंना.” मग म्हणाले, “आमच्यात बी आता तेच. निकाह दोन मिंटात, आन सत्कार दोन तास.”

म्हणजे हा रोग धर्म बघत नाही. तेवढाच एक सर्वधर्मसमभाव उरलाय.

१ मे

महाराष्ट्र दिन. झेंड्याला जाऊन आलो. शाळेच्या पोरांना उन्हात उभं करून झुंबररावांनी महाराष्ट्र घडवला. मी मधेच निघालो.

येताना पेरूवाला भेटला. उन्हाळ्यातला पेरू, लहान पण कडक. मीठ-तिखट लावून झाडाखाली बसून खाल्ला. दिवस वाया गेला नाही.

५ मे

पत्रिका आल्या. एका बाजूला मुलीकडचे, एका बाजूला मुलाकडचे, खाली भावकी. एकही साहेब नाही, एकही भाऊ-दादा नाही. गणपती वर, मुहूर्त ठळक. इतकी स्वच्छ पत्रिका गेल्या वीस वर्षांत हातात धरली नव्हती. दोनदा वास घेतला.

मोरगावला पहिली देवाला ठेवून आलो. एसटीने गेलो. शेजारचा पोरगा पूर्ण वाट रीळ बघत होता, एक संपायच्या आत दुसरं. कशालाच हसत नव्हता. मला त्याचीही दया आली नाही, शिसारी आली.

८ मे

व्याही आले होते. चाचरत म्हणाले, “आबा, आमच्या कन्हेरीकडचे दोघं-तिघं पुढारी येतील. निदान पाच-पाच मिंटं…” मी म्हटलं, या, बसा, जेवा, अक्षता टाका. तोंड फक्त जेवायला उघडायचं. व्याही ओशाळले. सुयश मात्र बापाच्या मागून हसला. मुलगा बरा आहे, मी म्हटलंच होतं.

१० मे

स्वतः झुंबररावांच्या दारात गेलो. आमंत्रण द्यायचं तर तोंडावर द्यावं. कुत्रं बांधलेलं, पोरं सेल्फीला बसलेली. मी सरळ सांगितलं — या, पण बोलायचं नाही. मला वाटलं, आता वाजणार. तर गॉगल काढून म्हणाले, “आबा, खरं सांगू? आमाला बी कंटाळा येतोय. पण न्हाय बोललं तर लोक म्हणत्यात, साहेब नाराज हायेत. तुमी सांगितलं, बरं झालं. यीन, बशीन, जेवून जाईन.”

विश्वास ठेवला नाही. ही माणसं कंटाळ्याचंही भांडवल करतात. तरी येताना उगाच हलकं वाटलं.

गोकुळला कुठून तरी कळलं. आज आपणहून बोलला — “जेवलात का?” एवढंच. पण बोलला.

१३ मे

हळद. पोरांनी सगळ्यांना पिवळं नेसायला लावलं. मलाही पिवळा शेला! डीजे मी येऊ दिला नाही, तर मोबाईलला डबा जोडून नाचले. सारजाही हात वर करून नाचली — या वयात! मी म्हटलं, काय हे. ती म्हणाली, “तुमी बगू नका, आत जावा.” मी आत गेलो नाही.

तेजश्रीच्या गालाला मी हळद लावली. लहानपणी ताप आला की असंच कपाळ तापलेलं लागायचं. हळूच विचारलं तिने, “आबा, उद्याचं पक्कं ना?”

म्हटलं, सूर्य चुकेल, तुझा आजा चुकणार नाही.

१४ मे

सकाळीच लिहून ठेवतो, नंतर सवड मिळायची नाही. मांडव झाला. आंब्याच्या डहाळ्या, केळीचे खांब, प्लॅस्टिकचं एक फूल नाही. आमरस गार करायला ठेवलाय. पंगतीची जागा सारवून घेतली, लोक बघायला येतायत. सगळ्या गावाला कळलंय की आबाच्या मांडवात भाषण नाही. चावडीवर दोघांनी हात हातात घेऊन सांगितलं, “आबा, कुणीतरी करायला पायजे व्हतं.” छाती फुगली, खोटं कशाला बोलू. आज लोकांना दिसेल, लग्न कसं असतं. फेटा बांधायला गोकुळ हाक मारतोय.

१५ मे

मुहूर्त टळला.

झुंबरराव आले, दुसऱ्या गटाचेही आले. शेजारी शेजारी बसून पन्हं प्यायले. एकानेही तोंड उघडलं नाही. नवरा-नवरी पाटावर उभी राहिली. बादशाहभाईंनी स्वागतासाठी माईक माझ्या हातात दिला. दोन वाक्यं बोललो. टाळ्या पडल्या. मग भाषणं का नकोत, ते सांगायला लागलो. सोनलचं सांगितलं, फ्लेक्सचं, भोंग्याचं, पंगतीचं. लोक हसत होते, पुन्हा पुन्हा टाळ्या देत होते. जन्मात एवढी माणसं माझं ऐकत बसली नव्हती. मधे कुणीतरी बाही ओढली, मी हात झटकला. ती सारजा होती, असं आज गोकुळ म्हणाला.

मांडवातले दिवे लागले तेव्हा मागे वळलो. बाहेर काळोख. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात खाली आलेले. तेजश्री हार घेऊन माझ्याकडे बघत होती.

जेवून निघताना झुंबरराव म्हणाले, “आबा, परवाच्या सभेला तुमीच बोला. लोकं हलत न्हायती तुमच्याम्होरनं.”

पाठवणीला ती सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्या फक्त पाया पडली.