माझ्या मताची बैठक

ति. ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी निम्मी अंगं संपावर आहेत, उरलेल्यांचा गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींची कुरकुर चालू आहे ना? चालू असली म्हणजे तब्येत ठीक.

माझं म्हणशील तर पक्षाघातात जीभ गेली, डोकं शाबूत राहिलं, आणि हे मला सोडून कुणालाच पटत नाही. सध्या माझ्या बोलण्यासाठी चौघं खपताहेत. स्पीच थेरपिस्ट बाई, हाताचे व्यायाम घेणारा पैलवान, यंत्र जोडणारा इंजिनियर, आणि या तिघांची भांडणं होऊ नयेत म्हणून नेमलेल्या मॅडम. माणसं सोन्यासारखी, खोटं कशाला बोलू? त्यांनी मला पाटीएवढं यंत्र दिलंय. एका बोटानं अक्षरं दाबायची, की ते बोलतं. (आवाज एका तरुण मुलीचा. 'चालते व्हा' म्हटलं तरी स्वागत केल्यासारखं वाटतं.) ते कुठे बसवायचं यावर मात्र एकमत नाही. बाईंना डोळ्यांसमोर हवं, पैलवानाला लुळ्या हाताकडे, म्हणजे व्यायाम होईल, आणि इंजिनियरला प्लगजवळ.

परवा 'पेशंटचं मत' या विषयावर बैठक झाली. मला मधोमध बसवलं आणि चौघं तावातावानं माझं मत मांडू लागले. यंत्र शेजारच्या खोलीत चार्जिंगला होतं. मी वैतागून टेबल बडवलं, तर पैलवान ओरडला, "बघा, हात उचलला!" टाळ्या झाल्या. (तो चांगला हात होता.)

शेवटी यंत्र आलं. बाई म्हणाल्या, "काका, एक बटण रिकामं आहे. पाणी, औषध, दुखतंय, सगळं घालून झालं. यावर काय घालू?" मी सावकाश लिहिलं, 'बसा ना थोडं.' बाईंचे डोळे भरून आले. बटण तयार झालं, मी लगेच दाबलं. सगळे बसले, आणि बटणाला रंग कुठला द्यावा यावर आपसांत चर्चा सुरू झाली. मग आपापल्या घरी गेले. ते गेल्यावर मी बटण पुन्हा दाबून पाहिलं. आवाज स्पष्ट येतो. फार एकटं वाटतं गं.

तुझा,
धाकटा

ता.क. हे वाचून धावत येऊ नकोस. गुडघे सांभाळ. मी मजेत आहे.

पुन्हा ता.क. मजेत नाही. मागे तुझा फोन आला, तो मी उचलला होता. तू दोन-तीनदा 'हॅलो' म्हणालीस आणि लाइन खराब आहे म्हणून ठेवून दिलास. लाइन चांगली होती, ताई. 'ता' दाबून झाला होता, 'ई' शोधत होतो. पुन्हा कर ना. या वेळी थांब.